मेकॅनिकची वीत

आमचे सर कुणालाही नावानं हाक मारत नसत. वायरच्या रंगानं मारत. "ए लाल-पांढरी, पाठ सरळ करून बस." "निळी, तुझा हॉर्न हवेत लटकतोय, त्याला कुठंतरी जोड." मी हिरवी-काळी. पहिल्या दिवशी मी क्लासला गेले तर त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत की गाव विचारलं नाही. कपाटातून वायरचं एक भेंडोळं काढून माझ्या हातात दिलं, हिरव्या वायरवर काळी रेघ असलेलं, आणि म्हणाले, "हे तुझं. सांभाळ."

मी बिचकतच म्हटलं, "सर, माझं नाव..."

"नाव लग्न झालं की बदलेल. आडनाव तर नक्कीच जाईल. वायर बॅटरीपासून निघाली की शेवटच्या दिव्यापर्यंत तिचा रंग एकच असतो. म्हणून रंग लक्षात ठेवतो मी."

हा माणूस सरकलेला आहे, असं मी त्या दिवशी गावी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, शिकवतो ना नीट, मग राहू दे सरकलेला.

हिंगोलीत एका खता-बियाण्यांच्या दुकानावर माडीला सरांचा क्लास होता. जिना चढतानाच नाकात फवारणीच्या औषधांचा वास जायचा. वर दोन कॉम्प्युटर, एक यूपीएस, आणि भिंतीला टेकवलेली दारापेक्षा मोठी प्लायवूडची फळी, तिच्यावर खिळेच खिळे. सर मूळ हट्ट्याचे. पुण्याला एका गाडीच्या कारखान्यात बरीच वर्षं हार्नेसची ड्रॉइंग करत होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या अंगातून दिव्यांना, हॉर्नला, डिझेलच्या पंपाला जाणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र बांधलेला जुडगा. मेकॅनिक त्याला नुसतं वायरिंग म्हणतात. कारखान्यात आधी हे काम कागदावर चालायचं, मग सॉफ्टवेअर आलं. सर ते शिकले आणि शिकून झाल्यावर नोकरी सोडून एक कॉम्प्युटर घेऊन हिंगोलीला आले. काहून आले, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पुण्यात गाड्या नव्या असतात. मला जुन्या बघायच्या होत्या."

त्या वेळी, म्हणजे नव्वदचं दशक संपता संपता, आमच्याकडं कॉम्प्युटर क्लास म्हणजे टायपिंग आणि पत्ते खेळणं. हे असलं काही शिकवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसावा. म्हणून पोरं यायचीच नाहीत. पोरांना वाटायचं वायरिंग शिकायचं तर गॅरेजला जावं, कॉम्प्युटर कशाला. उरल्या आम्ही तिघी.

सरांची शिकवायची तऱ्हा काय सांगावी. स्क्रीनवर वायर काढली की पहिला प्रश्न, "गेली कुठून?" आपण सांगायचं, बॅटरीपासून निघाली, फ्यूजमधून गेली, स्विचमधून दिव्याला पोचली. मग सर टेबलावर बोट आपटायचे. "जाणं सांगितलंस. येणं सांग." म्हणजे परतीची वायर. करंट दिव्यापर्यंत नुसता गेला तर दिवा लागत नाही, तो परत बॅटरीला आला पाहिजे. आम्ही नव्या होतो तोवर रोज परतीची वायर विसरायचो आणि रोज बोलणी खायचो.

बरं, हे वायरीपुरतंच असतं तर ठीक. संध्याकाळी क्लास सुटताना ते दारात उभे राहायचे. "हिरवी-काळी, येणं सांग." म्हणजे तू घरी कशी जाणार ते सांग. माझं गाव सिद्धेश्वरच्या धरणाच्या अंगाला. मी सांगायची, औंढ्यापर्यंत एसटी, तिथून काळी-पिवळी जीप, फाट्यावर बापू, म्हणजे माझे वडील, सायकल घेऊन उभे असतात. एखाद्या दिवशी फाट्यावर कुणी नसणार असं कळलं की सर स्वतःची स्कूटर काढायचे आणि एसटीच्या, मग जीपच्या मागं मागं थेट गावापर्यंत यायचे. स्कूटरवर मला बसवायचे नाहीत, लोक बोलतील म्हणून. एसटीच्या मागच्या खिडकीतून बघावं तर हा माणूस धूर खात येऊन राहिलाय. मला लाज वाटायची. आता आठवलं की डोळे भरतात, खोटं कशाला बोलू.

लाइट गेली की वेगळाच खेळ. आमच्याकडं लाइट असण्यापेक्षा नसण्याचाच वेळ जास्त. लाइट गेली की सर सुतळीचा गुंडा काढायचे आणि आम्ही स्क्रीनवर काढलेला हार्नेस त्या खिळ्यांच्या फळीवर सुतळीनं बांधायचा. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर स्टँडवर. तिथं उभी असलेली एखादी काळी-पिवळी गाठायची, ड्रायव्हरला चहा सांगायचा, आणि आम्ही तिघींनी बॉनेट उघडून आत सुतळी अंथरायची. गाडीत माणसं कोंबून बसलेली. एक म्हातारी एकदा म्हणाली, "बाई गं, गाडी बांधून राहिल्या का काय या पोरी?" सर तिला अगदी आदरानं म्हणाले, "नाही मावशी, माप घेऊन राहिल्यात." सर एरवी पुणेरी बोलायचे. चिडले किंवा जीव लावून बोलले की हट्ट्याचे व्हायचे.

सॉफ्टवेअरमध्ये आरशाची एक कमांड असते. गाडीची डावी बाजू काढली की एक कळ दाबायची, तीच उलटी होऊन उजवीकडं उमटते. निम्मं काम वाचतं. सरांनी ती कमांड बंदी घातल्यासारखी ठेवली होती. एकदा घाईत मी ती वापरली. सरांनी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं.

"चपला काढ. डावी उजव्या पायात घाल, उजवी डाव्यात. आणि खाली दुकानापर्यंत जाऊन ये."

मला वाटलं आता हसतील सगळ्या. पण सरांनी स्वतःच्याही चपलांची अदलाबदल केली आणि माझ्या पुढं जिना उतरायला लागले. खाली दुकानदार युरियाची गोणी मोजून देत होता, तो थांबून बघत राहिला. दोघं बदकासारखे चालत दुकानाला वळसा घालून वर आलो. वर आल्यावर म्हणाले, "दिसायला सारख्या आहेत ना? बॅटरी एकाच बाजूला असते गं. डाव्या दिव्याला वायर किती लागते आणि उजव्याला किती, कधी सारखी येईल का?" त्यानंतर आरशाच्या कमांडला मी हात लावलेला नाही. आता मी पुण्यात हेच काम करते, माझ्या हाताखालची पोरं अजून मला हसतात.

पण सरांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे वीत. सॉफ्टवेअर वायरची लांबी अगदी मिलीमीटरमध्ये सांगतं. ती आली की सर प्रत्येक कनेक्टरपाशी, म्हणजे वायर जिथं दिव्याला, पंपाला जोडली जाते तिथं, एक वीत वायर जास्त धरायला लावायचे. ती दुमडून, टेप गुंडाळून आत लपवायची. गाडीला तिचा काही उपयोग नाही. "ही वीत कुणाची?" सर विचारायचे आणि आम्ही तिघी पाढे म्हटल्यासारख्या सुरात म्हणायचो, "मेकॅनिकची."

त्याची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. पुण्याला असताना सणाला हट्ट्याला येत होते, जीप वाटेत बंद पडली. रस्त्याकडच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि शिव्या द्यायला लागला. कनेक्टरपाशी वायर तुटली होती आणि जोडायला बोटभरही शिल्लक नव्हती, ओढायला जावं तर पुढची ताणली जायची. तो म्हणाला, "ज्यानं हे बनवलं त्याला एकदा इथं आणून उन्हात बसवा." सर मागच्या सीटवर बसले होते. ते ड्रॉइंग त्यांचंच होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" निळीनं विचारलं.

"काही नाही. उन्हात जाऊन बसलो," सर म्हणाले.

आता बापूंचं सांगते. आमची मेंढरं, शेळ्या आणि थोडं रान. मला पाठच्या दोन बहिणी. बापूंनी मला शिकू दिलं हेच भावकीत पुष्कळांना खुपायचं. एकदा ते स्वतः क्लासला आले, घोंगडी खांद्यावर, आणि खुर्ची असताना उंबऱ्यापाशी टेकले. सर उठून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"तुमची हिरवी-काळी हुशार आहे," सर म्हणाले.

बापू माझ्याकडं बघायला लागले, हे कोण म्हणून. मी मान खाली घातली.

"सर, पोरगी शिकून राहिली ते बराबर हाय," बापू म्हणाले. "पन पुढं काय? स्थळ सांगून आलंय. पोरगा बरा हाय. मी त्यान्ला लग्नसराईपतुर थांबा म्हनलं. तोवर हिला काम लागलं तर लागलं. न्हाई तर मला उरकावं लागंल. मागं दोघी हायत."

"काम लागेल," सर म्हणाले.

"कुठं? पुन्याला मी एकलीला धाडत न्हाई."

"इथंच लागेल."

बापू गेल्यावर मी सरांना विचारलं, इथं कुठलं काम आहे. ते म्हणाले, "बघू." मला त्या मुलाशी लग्न करायचं नव्हतं असंही नाही, मी त्याला बघितलंच नव्हतं. मला फक्त ते स्क्रीनवरचं काम सोडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी छान जमत होतं, आणि ते लग्नसराईला संपणार होतं.

सरांनी मग जी धावपळ केली ती आम्हाला नंतर कळली. औरंगाबादच्या एका कंपनीला, जी जीपवर अँब्युलन्स बांधायची, त्यांनी किती चकरा मारल्या देव जाणे. शेवटी कंपनीनं एका गाडीचं काम चाचणीला दिलं. आम्ही तिघींनी तो हार्नेस काढला. ते ड्रॉइंग पास झालं तर त्यांच्या सगळ्या गाड्यांचं काम हिंगोलीला येणार होतं आणि आम्हा तिघींना पगार सुरू होणार होता. नाही झालं तर मी गावी, हे ठरलेलं.

बघायला कंपनीचे इंजिनिअर आले. तरणे होते, बोलायला गोड, हुशारही. त्यांनी सगळं ड्रॉइंग बारकाईनं बघितलं, दोन ठिकाणी मला प्रश्न विचारले, उत्तरं ऐकून मान हलवली. माझा जीव भांड्यात पडत होता तेवढ्यात ते म्हणाले, "सर, ही प्रत्येक कनेक्टरला एक्स्ट्रा लेंग्थ कशाला?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. पाढा म्हणायची वेळ नव्हती.

"मेकॅनिकसाठी," सर म्हणाले.

"पण दुरुस्ती आमच्या सर्व्हिस सेंटरला होणार. रस्त्यावर कुणी हात लावू नये असंच आम्हाला पाहिजे. आणि तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. एवढ्या गाड्यांचा हिशेब धरला तर मला वर तोंड दाखवता येणार नाही."

"सेंटर कुठं आहे तुमचं?"

"नांदेडला."

सर हट्ट्याचे झाले. "अन् गाडी कनेरगाव नाक्यावर बंद पडली तर? पेशंटनं काय नांदेडला चालत जावं? तिथला मेकॅनिक काय जोडंल, सोताचं बोट?"

इंजिनिअर चिडले नाहीत. म्हणाले, "सर, तुमचं चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण ही लांबी काढल्याशिवाय ड्रॉइंग पास होणार नाही. बाकी काम उत्तम आहे."

तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. तो फार वेळ टिकायचा नाही, सरांनाही माहीत, मलाही. सरांनी आम्हा तिघींकडं एकदा बघितलं, नीट, फळीवरचा हार्नेस तपासताना बघायचे तसं. मग मला म्हणाले, "हिरवी-काळी, वीत काढून टाक."

मी माऊसवरचा हात काढून घेतला. मी म्हटलं, "सर, राहू द्या. दुसरं काम बघू."

"सरक," ते म्हणाले. माझ्या खुर्चीवर बसले आणि एकेका कनेक्टरपाशी जाऊन स्वतःच्या हातानं वीत काढत गेले. यूपीएस ओरडतोय आणि सर काढतायत. शेवटची काढून सेव्ह केलं आणि स्क्रीन बंद झाली. इंजिनिअरना म्हणाले, "चहा घेणार ना?"

काम लागलं. पगार सुरू झाला. बापूंनी त्या स्थळाला नकार कळवला आणि सरांना आमच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी आणून दिली. "आता लगीन तिच्या मर्जीनं," म्हणाले. सरांनी ती घोंगडी कॉम्प्युटरच्या खुर्चीवर अंथरली. उन्हाळ्यात ती टोचायची, पण त्यांनी काढली नाही. मागच्या बहिणीही पुढं शिकल्या. हे सगळं त्या वीतभर वायरीच्या बदल्यात आलं, हे घरात फक्त मला माहीत होतं.

सरांनी नंतर वितीचं नाव काढलं नाही. "ही कुणाची?" असं विचारणं बंद झालं. आम्हीही काढलं नाही. बाकी सगळं होतं तसंच, जाणं सांग, येणं सांग. दोनच गोष्टी नव्या झाल्या. शनिवारी दुपारी ते मागच्या खोलीचं दार लावून बसायचे, आम्हाला वाटायचं वय झालं, झोपत असतील. आणि रविवारी स्कूटरला पिशवी अडकवून कुठंतरी जायचे. हट्ट्याला जात असतील म्हणावं तर लाल-पांढरीच्या भावानं त्यांना वाशीमच्या रस्त्यानं जाताना बघितलेलं. हट्टा एकीकडं, वाशीम दुसरीकडं. सरांचं लग्न झालेलं नव्हतं. आम्ही तिघींनी ठरवून टाकलं की वाशीमकडं एखादं स्थळ आहे, आणि एकमेकींना कोपरानं ढोसून हसायचो.

वर्ष-दीड वर्षानं असेल, मी एका लग्नाहून वाशीमकडून परत येत होते. कनेरगाव नाक्यावर आमची जीप चहाला थांबली. समोरच्या गॅरेजपुढं एक अँब्युलन्स उभी, बॉनेट उघडं. ती आमची होती. म्हणजे तिच्या पोटातली प्रत्येक वायर आम्ही तिघींनी स्क्रीनवर काढलेली होती. मी चहा सोडून तिकडं गेले.

आत एक म्हातारबाबा, पायाला प्लास्टर, ड्रायव्हरकडं बिडी मागत होते. ड्रायव्हर वैतागलेला. मेकॅनिक बॉनेटमध्ये वाकला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"पंपाची वायर तुटली. डिझेलच जाऊन न्हाई राहिलं," मेकॅनिक म्हणाला. "पार कनेक्टरच्या तोंडापाशी तुटली बघा. वढायला जागाच ठेवली न्हाई."

मला जमिनीत जावंसं वाटलं. उन्हात जाऊन बसावं असंही वाटलं. पण मेकॅनिक शिव्या देत नव्हता. तो आरामात गॅरेजमध्ये गेला आणि खिळ्याला टांगलेली एक जुडी घेऊन आला. वायरीचे तुकडे, सगळ्या रंगांचे, सगळे सारख्या लांबीचे, टेपनं बांधलेले. त्यातली त्यानं बरोबर त्याच जाडीची, त्याच रंगाची वायर ओढून काढली. हिरवी, तिच्यावर काळी रेघ.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"हिंगोलीचे एक सर हायत. जरा येडे हायत. रविवारी येतेत स्कूटरवर, हितून वाशीमपतुर सगळ्या गॅरेजला देत जातेत. पैसे घेत न्हाईत, च्यासुदिक सोताच पाजतेत." तो वायरीची टोकं सोलत म्हणाला, "मी म्हनलं, सर, ही काहून देता? तर म्हनले, ही त्या गाडीचीच हाय. गाडीत मावली न्हाई, म्हनून तुझ्यापाशी ठिवतो."

वायर जोडली, ड्रायव्हरनं किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. म्हातारबाबा म्हणाले, आता तरी बिडी द्या रे. गाडी हिंगोलीच्या रस्त्याला लागली आणि मी तिथंच उभी राहिले. आमचा जीपवाला हाका मारत होता.

सरांना मी त्यातलं काही बोलले नाही. काय बोलणार होते? उपकार झाले म्हटलं असतं तर त्यांनी चपला उलट्या घालून दुकानापर्यंत पाठवलं असतं. शनिवारची वाट बघितली. दुपारी मागच्या खोलीचं दार ढकललं. सर जमिनीवर बसले होते, बापूंची घोंगडी खाली अंथरलेली, भोवती वायरींची भेंडोळी आणि हातात कात्री. त्यांनी वर बघितलं. चोरी पकडल्यासारखे काही झाले नाहीत, रागावलेही नाहीत.

मी कोपऱ्यातली दुसरी कात्री घेतली आणि त्यांच्यासमोर बसले. हिरव्या-काळ्या वायरीचं भेंडोळं ओढलं, वायर जमिनीवर ताणली आणि मोजायला बोटं पसरली.

सरांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"तुझी नको धरू, लेकरा," ते म्हणाले. "तुझी लहान हाय. मेकॅनिकला पुरायची न्हाई."

आणि त्यांनी कात्री खाली ठेवून आपला पंजा माझ्यापुढं घोंगडीवर पसरला. मी त्यांच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वायर धरली आणि कापायला लागले.